एक जूनचे आप्पासाहेब

लातूर
३ जून २०२५

आदरणीय आप्पा यांस,
धम्मदीपचा सविनय जयभीम. आईलाही सांगा.

इकडे सर्व ठीक. तिकडे तुमचे गुडघे, आईची शुगर आणि दारातला शेवगा ठीक असेल असं धरून चालतो. इथलं ऊन जरा उतरलंय, पाणी मात्र अजून टँकरचंच.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, याला दोन वर्षं होत आली. म्हणून पत्र. जन्मभर लोकांची पत्रं वाटलेला माणूस स्वतःच्या नावाचं पाकीट न फोडता ठेवणार नाही, एवढा मला भरवसा आहे. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. मधेच चष्मा काढून ठेवू नका.

आधी कामाचं. येत्या रविवारी कंधारला तुमच्याकडे पाहुणे येतील. दोन जीपा भरून. घाबरू नका. चहा द्या, आणि आईला म्हणावं साखर सढळ हातानं घाल. ते का येणार, ते ओघानं येईलच.

ज्या उद्योगामुळे आपलं बोलणं थांबलं, तो चालू आहे. आदिनाथ आणि मी मिळून औसा रोडवर ‘कणीस’ उघडलं, हे तुम्हाला लुंबिनीताईनं सांगितलंच असेल. आदिनाथ माझा कॉलेजातला दोस्त. ज्वारी त्याच्या घरच्या रानातली, यंत्रं माझ्या डोक्यातली. आई मटकीला आणते तसे ज्वारीला मोड आणायचे, वाळवायची, भरडायची, उकळायची आणि टाकीत आंबवत ठेवायची. जे पेय तयार होतं ते तिथंच नळातून ग्लासात. बाटली नाही, गुत्ता नाही. लोक कुटुंबासह येतात. म्हणजे एक कुटुंब आलं होतं. ते चुकून आलं होतं, पण थालीपीठ खाऊन गेलं.

तर या पेयावर दोन माणसांचा डोळा. एक पंचाक्षरी अण्णा, त्यांचा युवा मंच आहे. दुसरे शेषेराव भैया, त्यांचं मित्रमंडळ आहे. दोघांचा धंदा एकच: तुमचं रक्षण करतो म्हणायचं. कुणापासून, तर दुसऱ्यापासून. दर महिन्याला येऊन बसायचं, घ्यायचं आणि वर वर्गणीची पावती फाडायची. माझ्याकडे वृक्षारोपणाच्या इतक्या पावत्या जमल्या आहेत की एव्हाना औसा रोडला जंगल व्हायला हवं होतं. एकाला दिलं की दुसरा रुसायचा. दोघांना दिलं तर दोघांनी वाढवून मागितलं. शेवटी आम्ही देणंच थांबवलं, आणि पोलिसांत अर्ज केला. अर्जाची पोच घेतली. पोच जपून ठेवली आहे, तुमचीच शिकवण. पोचेपलीकडे काही मिळालं नाही.

मग सुरू झाला त्रास. मारहाण वगैरे जुनी पद्धत झाली, आप्पा. अण्णांची पोरं फाटकाशी उभी राहायची आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला कमरेत वाकून, रस्ताभर ऐकू जाईल असा नमस्कार करायची. लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. आमची निम्मी गिऱ्हाइकं क्लासचे सर. ‘नमस्कार सर! बसायला आलाव का सर? आमचा भाचा तुमच्याच बॅचला हाय सर!’ एवढं झालं की सर गाडी वळवून, दुधाची पिशवी घेऊन घरी. बघता बघता बार ओस पडला. म्हणजे उद्योग.

भैयांची माणसं अण्णांच्या माणसांपेक्षा कमी बोलकी. त्यांनी एका दुपारी मागच्या दारानं येऊन टाकीचा कॉक उघडला आणि तयार झालेलं सगळं गटारात सोडलं. शेजारच्या वकिलांचा कुत्रा त्यानंतर काही दिवस पोस्टमनवरही भुंकला नाही. कुत्र्यांचं आणि तुमचं नातं मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. पण आप्पा, त्या दिवशी आदिनाथ गटाराच्या कडेला बसून रडला. त्याच्या बापानं राखून ठेवलेली ज्वारी होती ती. मीही रडलो, फक्त गोदामात जाऊन. असा आणखी एक महिना गेला असता तर कुलूपच लावावं लागलं असतं.

आणि मग आला मे महिन्याचा शेवट. अण्णा आले, खुर्ची उलटी करून बसले आणि म्हणाले, “इंजिनेर, एक जूनला आपला वाढदिवस हाय. तुमची ही समोरची भिंत लई मोक्याची हाय. फ्लेक्स मोठा पाहिजे.” आम्ही हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी भैया आले. “एक जूनला आमचा वाढदिवस हाय. भिंत मोकळी ठेवा.”

आदिनाथच्या तोंडून निघून गेलं, “तुमचाबी?”

आता यात नवल काय, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या घरी जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही त्याची तारीख शाळेत घालताना हेडमास्तर एक जूनच टाकत. निम्मा मराठवाडा एक जूनला जन्मला आहे. पण दोन दादा आणि भिंत एक, हा पेच हेडमास्तरांनी कुठं पाहिला होता?

एकाचा लावला तर दुसरा भिंत पाडणार. आदिनाथ म्हणाला, दोघांना एकाच फ्लेक्सवर घेऊ. फ्लेक्सवाल्याकडे गेलो, तर अण्णांचा माणूस टेप घेऊन आधीच हजर. अण्णांचा चेहरा भैयांच्या चेहऱ्यापेक्षा बोटभर मोठा पाहिजे. भैयांच्या माणसाचं म्हणणं, चेहरा लहान चालेल, पण वर पाहिजे. फ्लेक्सवाला तीस वर्षांचा अनुभवी. तो म्हणाला, “ह्याच्यावर एकच इलाज हाय. दोघांच्या वर तिसरा टाका, लई मोठा. मंग खालचे भांडत न्हाईत.”

कोण टाकायचा? पुढारी टाकावा तर एकाचा तो दुसऱ्याचा वैरी. थोर पुरुषांचे फोटो असल्या भिंतीवर लावायचे नसतात, एवढी अक्कल तुम्हीच दिली आहे. माणूस असा हवा होता, की जो कुठल्या पक्षात नाही, ज्याला इथं कुणी ओळखत नाही, चेहरा भारदस्त, आणि वाढदिवस एक जूनचा.

आप्पा, आता पाणी प्या थोडं.

माझ्या मोबाइलमध्ये तुमचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो होता.

मी फ्लेक्सवाल्याला फक्त तो फोटो आणि ‘आप्पा’ एवढंच नाव दिलं. बाकी त्यानं सवयीनं केलं. तुमचा खाकी सदरा काढून पांढरा कोट चढवला. डोळ्यांवर गॉगल घातला. गळ्यात काहीतरी सोन्याचं आहे. मागं सिंह आहे. वर लिहिलंय: ‘मराठवाड्याचे भाग्यविधाते, आदरणीय आप्पासाहेब यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. आणि खाली हात जोडून दोन शुभेच्छुक, अण्णा आणि भैया, फुटपट्टीनं मोजून सारखे. त्यांचा स्वतःचा वाढदिवस त्यात राहूनच गेला.

फ्लेक्स दुमजली घराएवढा आहे. आणि तो लावला आहे दारूच्या दुकानावर. आतापर्यंत ‘पेय’ लिहीत आलो, कारण हा शब्द तुमच्यासमोर लिहायला हात धजत नव्हता. ज्या माणसानं सुपारीसुद्धा तोंडात घातली नाही, जो दर रविवारी विहारात अख्ख्या वस्तीला पाचवं शील म्हणायला लावतो, मद्य सोडा म्हणतो, त्याचा चेहरा मी बिअर बारवर टांगला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होता, ‘माझं नाव तिथं नेऊ नको.’ मी नाव, फोटो, सिंह, सगळंच नेलं. लाज वाटते आप्पा. लाज वाटते आणि फ्लेक्स काढायचीही हिंमत होत नाही.

कारण एक तारखेला दोघंही आले. फ्लेक्सखाली बराच वेळ उभे राहिले. अण्णांना वाटलं हा भैयांचा कुणी मोठा माणूस, भैयांना वाटलं अण्णांचा. दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, “कोन हाईत हे?”

मी म्हणालो, “आप्पा. कंधारचे.”

“अस्सं,” अण्णा म्हणाले. “अस्सं,” भैया म्हणाले. आपल्याला माहीत नाही हे कबूल करायची दोघांची तयारी नाही. दोघांनी फ्लेक्सला हात जोडले. तेव्हापासून फाटकाशी पोरं नाहीत. काल तीन सर येऊन बसून गेले.

रविवारचे पाहुणे म्हणजे हेच दोघं. शाल, नारळ आणि हार घेऊन दर्शनाला येतायत. एकानं ठरवलं म्हणून दुसऱ्यानंही ठरवलं. मी नको नको म्हणालो तेवढा तुमचा भाव वाढला. त्यांना कळलं की आप्पासाहेब म्हणजे सायकलवरून डाक वाटणारे नरसिंग हणमंते, तर सोमवारी ‘कणीस’ उरणार नाही. तरी तुम्ही खोटं बोला असं मी सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही बोलणार नाही. फक्त त्यांना चहा मिळावा आणि तुम्हाला ते कोण हे आधी कळावं, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतोय. लुंबिनीताईनं फ्लेक्सचा फोटो दाखवण्याआधी हे पोचावं, एवढीच आशा.

राग आला तर फोन करून शिव्या द्या. निदान आवाज तरी ऐकू येईल.

तुमचा (अजून आहे असं समजून)
धम्मदीप

*

कंधार
१० जून २०२५

चि. धम्मदीप यास,
जयभीम.

पत्र शुक्रवारी मिळाले. पाकिटावर पिन कोड नायगावचा टाकला आहेस. पोस्टमनचा मुलगा आहेस, निदान एवढे तरी जमायला हवे होते. इथला नवा पोस्टमन मला ओळखतो म्हणून पोचले.

फोटो लुंबिनीने एक तारखेलाच पाठवला होता. तरी पत्र पूर्ण वाचले. चष्मा काढला नाही. तुझ्या आईने फोटो गल्लीभर दाखवला. गॉगल शोभतो असे तिचे मत पडले. मी मत दिले नाही.

पाहुणे रविवारी वंदनेच्या वेळीच आले. विहारात आलेल्या माणसाला दारात उभे ठेवत नाहीत, म्हणून बसवले. पंचशील चालू होते. मी म्हणेन तसे मागून म्हणा, असे सांगितले. दोघे हात जोडून, एकमेकांवर आवाज चढवत म्हणाले. लहान मुले हसली.

पोस्टात मनिऑर्डरवर अंगठा घेण्याआधी मी कागद वाचून दाखवायचो. इथे अंगठा आधी झाला, म्हणून वाचून नंतर दाखवले. दुसऱ्या शीलाचा अर्थ सांगितला: जे दिलेले नाही ते घेणार नाही. पंचाक्षरी म्हणाले, “पर आप्पासाहेब, आम्ही पावती देतो की.” मी म्हणालो, “पावती फाडून घेतलेलं, दिलेलं होत न्हाई.” शेषेराव म्हणाले, “मीबी अण्णाला हेच सांगायलोय.” त्यावरून दोघांची जुंपली. इथे आवाज चढवायचा नाही म्हटल्यावर गप्प झाले. पाचव्या शीलाचाही अर्थ सांगितला. तेव्हा दोघांनी माना खाली घातल्या.

खोटे न बोलण्याचे चौथे शील मी मोडलेले नाही. त्यांनी विचारले, “साहेब, तुम्ही कोणत्या खात्यात होता?” मी स्पष्ट सांगितले, पोस्टमन होतो, सायकलवर डाक वाटली. पंचाक्षरी हसून शेषेरावांना म्हणाले, “बघा. मोठी माणसं असंच बोलतेत.” मी पुन्हा सांगितले. तेव्हा दोघे पाया पडले. तिसऱ्यांदा सांगितले नाही.

तुझ्या फाटकाशी कुणी उभे राहणार नाही आणि टाकीला कुणी हात लावणार नाही, असे दोघांनी सगळ्यांसमोर कबूल केले आहे. शील एका रविवारात अंगी लागत नाही, म्हणून पुढच्या रविवारीही बोलावले आहे. येतील. एक आला की दुसऱ्याला यावेच लागते. नारळ विहारात ठेवला. शाल तुझ्या आईने घेतली.

आदिनाथच्या वडिलांची ज्वारी वाया गेली याचे वाईट वाटले. त्यांना माझा नमस्कार सांग.

दारूबद्दल माझे मत होते तेच आहे. मी तिथे पाऊल ठेवणार नाही. तुझी आई थालीपीठ कसे करतात ते बघायला शनिवारच्या गाडीने येणार म्हणते. स्टँडवर घ्यायला जा. ती पोचली की फोन कर. उचलीन.

फ्लेक्सवरचा फोटो बदल. सोबत दुसरा पाठवत आहे. नोकरीला लागलो त्या वर्षीचा आहे. खाकी सदरा आहे, झोळी आहे, टोपी सरळ आहे. ‘भाग्यविधाते’ खोड आणि तिथे ‘पोस्टमन’ लिही. त्यांचा विश्वास बसणार नाही. तो त्यांचा प्रश्न. सिंह काढ.

एक जून माझीही खरी तारीख नाही. मास्तरांनी टाकलेली आहे. माझी आई म्हणायची, तू सुगीत झालास. त्यामुळे तो दिवस मी कधी आपला मानला नाही, घरातही कधी कुणी केला नाही. यंदा फोटो बघून गल्लीतल्या चार जणांनी दारात येऊन शुभेच्छा दिल्या. बरे वाटले.

तुझ्या दुकानाला मला शुभेच्छा देता येत नाहीत. तुला देतो.

शुभेच्छुक,
तुझा आप्पा