दगडाची डावी बाजू

पोझेगा, ३ मार्च

चि. नेबोयशा यास,

अनेक आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिते. आज मनातून काही निघत नाहीये.

रविवारी तुझा फोन आला. आई, डोळे कसे आहेत, थंडी ओसरली का, छे! पहिलाच प्रश्न काय, तर कबरींचे दगड घडवणाऱ्या स्तोयादिनला मी अकरा हजार दिनार कशाचे दिले. मी गारच पडले. ही गोष्ट मी शेजारच्या झिवानाला सांगितली नव्हती, चर्चच्या पुजाऱ्याला, आपल्या पोपलाही सांगितली नव्हती. देवाला सांगितली होती, पण तो काही नोवी सादला फोन करून चहाड्या करत नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, की डिसेंबरात आपल्या घरच्या स्लावाला, कुलसंताच्या सणाला, तू माझ्या मोबाईलवर जे ॲप घालून दिलंस, विजेचं बिल घरबसल्या भरता येईल म्हणून, त्यातून माझं खातं तुझ्या मोबाईलवरही उघडतं. मी काय घेते, कुठे घेते, कधी घेते, सगळं तुला तिकडे बसून दिसतं. मला आठवलं. मी पाहुण्यांसाठी मासे तळत होते. तू आलास, आई, इथे अंगठा लाव म्हणालास, आणि मी वेडी, पिठाचा अंगठा एप्रनला पुसून लावून मोकळी झाले.

अरे, सगळी नोकरी मी या गावच्या टपाल कचेरीच्या खिडकीवर केली. प्रेमपत्रं माझ्या हातून गेली, कोर्टाची पाकिटं गेली, तुरुंगातून बायकांना आलेली गेली. एकही कधी उजेडाला धरून पाहिलं नाही. आणि माझ्याच पोटच्या पोराला लाज वाटू नये?

तो मोबाईल मी बटाट्याच्या पोत्यात टाकला आहे. घरचा फोनही उचलणार नाही. यापुढे माझ्याशी बोलायचं तर पाकिटाला तिकीट लाव आणि बोल. स्तोयादिनचं विचारू नकोस, ते माझं मी बघेन.

लोभ आहेच. तो जरा आवरता घ्यावा, ही विनंती.

तुझी आई,
विदोसावा


नोवी साद, ९ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आमच्या इमारतीत पत्र यायची सवय कुणाला राहिलेली नाही, त्यामुळे पेटीची किल्ली शोधण्यातच माझी संध्याकाळ गेली. एवढा संताप बरा नव्हे. रक्तदाबाची गोळी घेतेस ना? फेब्रुवारीत तू औषधाच्या दुकानात पाऊलही टाकलेलं दिसत नाही.

माझ्या ऑफिसातल्या झ्लात्कोच्या आईचं काय झालं, ऐक. फोनवर कुणी भामटा म्हणाला, तुमचा नातू अपघातात सापडलाय, ताबडतोब पैसे पाठवा. तिनं पाठवले. वर लाजेनं कुणाला सांगितलं नाही. झ्लात्कोला कळलं तेव्हा खात्यात खडखडाट. आता ती बाई रडते आणि झ्लात्को तिच्यावर ओरडतो. मला ते आपल्या घरात नको आहे. यात मी काय पाप केलं? ॲपला पासवर्ड आहे, माझ्याशिवाय कुणाला काही दिसत नाही. खर्चाचं एक रंगीत वर्तुळ येतं, बस. तुझा स्तोयादिन ॲपनं घरदुरुस्तीच्या रंगात टाकला, म्हणून तर मी चक्रावलो; मग मीच तिथे कबरीचा दगड असं लिहून दुरुस्त केलं. आणि ईस्टरचे उपास सुरू असताना गुरुवारी बेकरीतल्या मलईच्या दोन क्रेमपिता? दुसरी कुणी खाल्ली? चेष्टा करतोय गं, लगेच नाक फुगवू नकोस.

पण अकरा हजारांचं खरंच कळेना. बाबांच्या कबरीचा दगड तर पुरा आहे. उजवीकडे बाबा, डावीकडे तू. तुझं चित्र, नाव, जन्मसाल, पुढे रेघ. शेवटचं साल तेवढं कोरायचं बाकी, आणि ते इतक्यात कोरायची कुणाला घाई नाही. तू सांगत नाहीस म्हणून मी स्तोयादिनलाच फोन लावला. अक्षरांना सोनेरी मुलामा देत असाल तर अर्धे पैसे माझे, असं म्हणालो. तो नुसताच खाकरला आणि आईला विचारा म्हणाला. असा माणूस हमखास गंडवत असतो. म्हणून मोतीबिंदूच्या वेळी तू मला दिलेलं मुखत्यारपत्र होतं ना, त्याच्यावर मी बँकेला कळवून टाकलंय: वीस हजारांच्या वर काहीही जायचं असेल तर आधी माझा होकार. तुझ्याच भल्यासाठी.

तुझी सून बिसेर्का नमस्कार सांगते. माझा लोभ काही आवरत नाही, तो होता तसाच राहील.

तुझा,
नेबोयशा


पोझेगा, १४ मार्च

चि. नेबोयशा यास,

आशीर्वाद या पत्रासोबत पाठवत नाही.

तू स्तोयादिनला फोन केलास! त्याची बायको बाजारात आंबवलेला कोबी विकते, विसरलास? शनिवारी तिनं माझ्या पिशवीत एक गड्डा जास्तीचा टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला तो गड्डा तिच्या तोंडावर फेकावासा वाटला. आता बाजार माझ्याकडे बघून कुजबुजतो. गोळ्या झिवाना आणून देते, मी तिला रोख पैसे देते, म्हणून तुझ्या वर्तुळात त्या नाहीत. आणि दोन्ही क्रेमपिता मीच खाल्ल्या. उपास मोडला असेल तर माझा मोडला.

तुझ्याशिवाय कुणाला दिसत नाही म्हणतोस? बुधवारी घरचा फोन थांबायचं नाव घेईना, म्हणून शेवटी उचलला. गोड आवाजाची कुणी बाई होती. मला आजी म्हणाली. अंत्यविधीचा विमा काढून टाका म्हणाली, तुम्ही कबरीच्या दगडावर खर्च सुरू केलाच आहे, तर बाकीचंही आमच्यावर सोपवा आणि निश्चिंत राहा. हिला कुणी सांगितलं रे? स्तोयादिननं? त्याला धड पावती लिहिता येत नाही.

आता ऐक, कारण तू माझ्याकडून ऐकलं नाहीस तर ते यंत्र तुला काहीतरी भलतंच सांगेल. तो दगड तुझ्या बाबांनी मला न विचारता करून घेतला होता. माझं चित्रसुद्धा माझ्या पेटीतून त्यांनीच काढून दिलं. ती डावी बाजू मी स्तोयादिनकडून घासून घेतली आहे. चेहरा, नाव, साल, रेघ, सगळं. मी तुझ्या बाबांशेजारी, त्या तिहोमिरशेजारी झोपणार नाही.

का, ते तुला ठाऊक आहे. तू समोर बसून दूध प्यायचास. दर रविवारी ते माझी पर्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटी करायचे. पावत्या, चिल्लर, रुमाल, केसांचे आकडे. हे बसचं तिकीट कुठलं, हा साबण एवढा महाग कसा, टपालात तुझ्याशी कोण बोललं. हात कधी उगारला नाही, म्हणून बायका मला भाग्यवान म्हणायच्या. ते गेले त्या आठवड्यात मी पर्स दारामागच्या खुंटीला टांगली, आणि तिला कुणी हात लावला नाही. मला इतकं हलकं वाटलं, की मी खुर्चीत बसून रडले. आणि आता तू. तू तर रविवारचीही वाट बघत नाहीस.

माझ्या माहेरी, क्रुश्चित्साला, माझ्या आईच्या कबरीशेजारी एकच जागा उरली आहे. पोप ग्लिगोरिये यांनी ती माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. साठ हजार. मला आईपाशी जायचंय, दुसरं काही नको. मुखत्यारपत्र रद्द करायला मी गेले, तर बँक म्हणते कागद बेलग्रेडला जाऊन येणार, पुढचा महिना उजाडेल. तू सही केलीस तर त्याच दिवशी होतं म्हणे. तेव्हा ताबडतोब सही कर. हात जोडत नाही, सांगते आहे.

विदोसावा


नोवी साद, १ एप्रिल

ती. आईस, सा. न.

शनिवारी मी गावाकडे येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही. थेट बाबांच्या कबरीवर गेलो, रीतीप्रमाणे उकडलेला गहू आणि मेणबत्ती घेऊन.

आई, तू हे केलंस तरी कसं? उजवीकडे बाबा सुटाबुटात, आणि डावीकडे नुसता खरवडलेला काळा दगड. शेजारच्या कबरीवर बायका फुलं लावत होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या आईचं चित्र कुठे गेलं, आणि मला म्हणावं लागलं, दगडाला तडा गेला म्हणून दुरुस्तीला दिलंय. बाबा कंजूष होते, संशयी होते, मान्य. पण त्यांनी याच पैशांतून मला शिकवलं. त्यांना असं एकटं टाकायचं?

तिथेच उभा असताना मोबाईल वाजला. तुझ्या खात्यातून क्रुश्चित्साच्या चर्चच्या समितीला साठ हजार, मंजूर की नामंजूर. मी नामंजूर दाबलं. रागात नव्हे, पुरतं समजून दाबलं. हवं तर माझ्यावर खापर फोड. ईस्टरला मी येतो, समोरासमोर बसून शांतपणे बोलू. जागा काही पळून जात नाही.

विम्याच्या बाईचा आणि ॲपचा काही संबंध नाही. त्या कंपन्या सगळ्यांनाच फोन करतात. उगाच राईचा पर्वत करू नकोस.

आशीर्वाद पाठवलेस तर आवडेल.

नेबोयशा


नोवी साद, ४ एप्रिल

ती. आईंस, शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला स्वतःहून पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. ते ऑफिसला गेल्यावर लिहिते आहे, आणि लिहून झालं की त्यांना सांगणारही आहे.

त्या ॲपच्या अटी मी वाचल्या. सगळ्या. तुमच्या खर्चाच्या सवयी कंपनी तिच्या सहकारी कंपन्यांना देऊ शकते, असं त्यात सरळ लिहिलंय. ह्यांनी न वाचता मान्य करून टाकलं. तुमचं वय, घरचा फोन, पत्ता, सगळं ह्यांनीच भरलं होतं. हे दाखवल्यावर म्हणाले, सगळेच असं करतात.

मग माझं खातं पाहिलं. तेही त्याच वर्तुळात होतं. बहिणीच्या बाळंतपणाला मी पाठवलेले पैसे, माझं केस रंगवणं, सगळं. मला वाटायचं, हे मला इतकं बरोबर ओळखतात म्हणजे किती जीव लावतात. आई, मला स्वतःचाच इतका संताप आला! मागच्या महिन्यात यांच्या मित्रांसमोर तुमच्या क्रेमपितांवरून हसणं चाललं होतं, आणि मीही हसले. माफ करा.

काल आमचं कडाक्याचं भांडण झालं. एकतर सही, नाहीतर मी बहिणीकडे जाते, असं मी सांगितलं. शेवटी त्यांनी सही केली. बँकेच्या शिक्क्याचा कागद सोबत आहे. आता कुणाच्या होकाराची गरज नाही. हे पत्र हातात पडताच कोट घाला आणि पोप ग्लिगोरियेंकडे जा. एक दिवसही थांबू नका.

या सुनेवर माया असू द्या, जमली तर.

तुमची,
बिसेर्का


पोझेगा, १० एप्रिल

चि. नेबोयशा,

बिसेर्काचा कागद मिळाला. तिला माझा भरभरून आशीर्वाद सांग. तिच्यावर आवाज चढवलास तर गाठ माझ्याशी आहे.

त्याच दिवशी मी बँकेतून रोख रक्कम काढली आणि बसनं क्रुश्चित्साला गेले. पोप दफनभूमीच्या फाटकाशीच भेटले. मला बघून त्यांनी टोपी काढली, तेव्हाच समजले. महिना संपल्यावरही ते दोन दिवस माझ्यासाठी थांबले होते. मग मधमाशा पाळणारा ओब्राद झाडावरून पडून गेला. ज्याचं मढं घरात आहे, त्याला थांब कसं म्हणू, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. आता माझ्या आईशेजारी ओब्राद आहे. तो लहानपणी तिच्या कोंबड्या पळवायचा, ती त्याला दारात उभा करायची नाही. मी तिथे तिची माफी मागितली. माती अजून ओली होती.

जागा पळून जात नाही, असं तू लिहिलं होतंस.

परतताना बसमध्ये मी तुला काय काय लिहायचं ते ठरवत होते. सगळं जहर होतं. घरी येईपर्यंत त्यातलं बरंच सांडलं. तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे, तुझे बाबाही नव्हते. पण तुझ्या काळजीत मला श्वास घ्यायला जागा नाही, आणि आता मेल्यावर पडायलाही तू ठेवली नाहीस.

तेव्हा मी दुसरी जागा घेतली आहे. कुठे, ते विचारू नकोस. रोख घेतली आहे. बिसेर्काला माहीत नाही, झिवानाला माहीत नाही, पोप ग्लिगोरियेंनाही नाही, तेव्हा त्यांच्यापैकी कुणाला छळू नकोस. बँकेतलं खातं बंद केलं. स्तोयादिनला नव्या दगडाचे आगाऊ पैसे दिले आहेत आणि या वेळी त्याच्या बायकोसमोर त्याच्याकडून तोंड न उघडण्याची शपथ घेतली आहे, दोघांनी क्रॉसवर हात ठेवला. ईस्टरला येऊ नकोस, मी घरी नसेन.

मी गेले की काळ्या चौकटीचा कागद छापून खांबांवर लागेल, जसा सगळ्यांचा लागतो. बसथांब्यावर, बेकरीच्या दारावर, आपल्या फाटकावर. कुठे पुरणार ते त्यावर असेल. तो तू तिथे उभा राहून वाच, बाकीच्या गावाबरोबर.

आशीर्वाद.

विदोसावा