तीन रिकामी घरं

२ मार्च

चि. ठोंब्या यास,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं गेलं, खोडत बसायला वेळ नाही. पत्रास कारण की मला तुझा भयंकर राग आला आहे आणि तो फोनवर काढण्यात अर्थ नाही. फोनवर तू नुसता हं हं करत राहतोस.

आमच्या मुलांच्या वॉर्डासाठी तू जुळवून दिलेला औषधांचा तक्ता गेल्या सोमवारी भिंतीवर लागला. बुधवारी पोटाचं ऑपरेशन झालेली सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. वजन अठरा किलो. डॉक्टरांनी नव्या औषधाचं नाव लिहून पुढे ‘तक्त्याप्रमाणे’ एवढंच लिहिलं होतं. तक्त्यात त्या औषधापुढे वजनाच्या चार ओळी. शेवटचा रकाना ‘किती वेळाने’. त्यात पहिल्या ओळीत ‘दर आठ तासांनी’, आणि खालची तिन्ही घरं रिकामी. अठरा किलो म्हणजे तिसरी ओळ. आमच्याकडे त्या रकान्यातलं घर रिकामं असलं की औषध एकदाच द्यायचं. त्याच तक्त्यात एकदाच द्यायची दोन इंजेक्शनं आहेत, त्यांचीही घरं रिकामीच आहेत. मी एकदा दिलं आणि थांबले.

शुक्रवारी पोरीला एकशे चार ताप. जखमेत पू झाला, टाके पुन्हा उघडावे लागले. वाचली, पण तिच्या आईसमोर उभं राहायची मला लाज वाटते. औषध नवीन होतं, म्हणून तर तक्ता नवीन केला होता ना? नर्सच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी अर्ध्या शब्दाने बोललं नव्हतं. आता चौकशी समिती बसली आहे आणि मला घरी बसवलं आहे. नोकरी राहते की जाते ते अठरा तारखेला ठरेल.

ते ‘दर आठ तासांनी’ चारही ओळींसाठी होतं. मग तीन घरं रिकामी कशी? मुकाट्याने उलट टपाली कळव.

लोभ सध्या कुलूपबंद आहे.

ताई

———

६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. पोरगी वाचली हे वाक्य येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडतेस ते मला पटलेलं नाही. छापण्याआधी प्रूफ तुलाच पाठवलं होतं. तू लाल शाईने ‘बरोबर’ असं लिहून सही केलीस. तो कागद माझ्या खणात आहे. हवा असेल तर पाठवतो.

आणि छापखान्यात रिकामं घर म्हणजे वरचंच. वेळापत्रक असो की शाळेचा निकाल, शब्द एकदा वर लिहायचा आणि खाली मोकळं सोडायचं. आपल्या अप्पांनी आयुष्यभर खिळे जुळवताना हेच केलं आणि मलाही हेच शिकवलं. तुमच्या वॉर्डात रिकाम्याचा अर्थ अगदी उलटा होतो हे मला काय स्वप्नात कळणार होतं? मजकूर दिलास तेव्हाच सांगायचं होतंस.

मालकांना अजून काही बोललेलो नाही. हॉस्पिटलचं काम तुझ्या शब्दावर मिळालं होतं. ते गेलं तर मलाही घरचा रस्ता दाखवतील. आईला नमस्कार सांग. रागात जेवण सोडू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे.

कुलपाची किल्ली लवकर सापडो.

ठोंब्या

———

९ मार्च

ठोंब्या,

आज आशीर्वाद नाहीत.

तुझ्या खणातल्या कागदाचं कौतुक मला सांगू नकोस. त्याची झेरॉक्स माझ्याकडेही आहे. मैत्रिणीने वॉर्डातून छापलेल्या तक्त्याची प्रत आणून दिली, ती काल शेजारी ठेवून पाहिली. प्रूफमध्ये शेवटच्या रकान्यात त्या चार ओळींमध्ये एकही आडवी रेघ नाही. एकच उंच मोकळं घर आहे आणि त्यात ‘दर आठ तासांनी’. कुणीही वाचलं तरी चौघांना मिळून एकच, असंच वाचेल. त्यावर मी सही केली, आणि आजही करीन. पण तक्त्यात औषधं ढीगभर, वॉर्डातल्या घाईत सहीच्या वेळचं आठवत नाही, भिंतीवर दिसतं तेच वाचलं जातं. छापलेल्या तक्त्यात मात्र तीन काळ्याकुट्ट रेघा आरपार गेल्या आहेत. माझ्या सहीनंतर त्या कुठून उगवल्या?

आणि अप्पांना मध्ये आणायचं नाही, सांगून ठेवते. अप्पा खाली मोकळं सोडायचे, खरं आहे. पण रेघा छापायच्या पितळी पट्ट्या कापून, कानशीने घासून आखूड करायचे, म्हणजे मधल्या तीन पट्ट्या त्या रकान्याच्या अलीकडेच थांबायच्या. त्या कापलेल्या तुकड्यांनी मी खेळले आहे. रिकाम्या घराला चारी बाजूंनी कुंपण घालून ते तसंच सोडून देणं हे अप्पांचं काम नव्हे. ती तुझी स्वतःची अक्कल.

समितीपुढे उद्या माझा जबाब आहे. रेघा कोणी मारल्या एवढंच विचारते आहे. सरळ उत्तर दे.

ताई

———

१२ मार्च

चि. ठोंब्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. ताई झोपली आहे, तिला न सांगता लिहिते आहे.

परवा ती समितीपुढे गेली होती. तक्त्यात दोष आहे का, असं त्यांनी तिला सरळ विचारलं. ही म्हणाली, तक्ता ठीक आहे, वाचताना माझीच चूक झाली. घरी येऊन मला हे सांगितलं आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मी म्हटलं, अगं मग दिवसभर त्या पोराच्या नावाने खडे का फोडतेस? तर म्हणते, फोडीन, मी त्याची बहीण आहे. पण त्याचं नाव कागदावर गेलं तर त्याला उद्या दारात कोण उभं करील?

तुला पत्रातून तिने काय काय सुनावलं असेल ते मी ओळखते. तिथे मात्र तिने तुझं नाव घेतलं नाही. तू काहीतरी लपवतो आहेस. लहानपणी काही फुटलं की तू आधी दुसऱ्याकडे बोट दाखवायचास, मग दोन दिवसांनी रडत यायचास. आता रडत यायला तुझ्यापाशी सहाच दिवस आहेत.

मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे. तिचा, ती खोटं बोलली म्हणून. आणि तुझा, तिला ते बोलावं लागलं म्हणून.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस.

आई

———

१५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

रेघा मी मारल्या.

एक घर चार ओळींवर पसरवायचं तर संगणकाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. हा मजकूर किती ओळींचा आहे ते, आणि मधल्या आडव्या रेघा कुठल्या रकान्यापाशी थांबवायच्या ते. मी दोन्हीपैकी काही सांगितलं नव्हतं. शब्द वरच्या घरात टाकला, खालची तीन घरं रिकामी ठेवली आणि त्यांच्यामधल्या रेघा नुसत्या पुसल्या. दिसायला एक घर, आतून चार. आठ वर्षं मी असंच भागवत आलो आहे, कारण नीट शिकायचा कंटाळा.

तुझी सही आल्यावर मालक म्हणाले की तक्ता बोडका दिसतो, रेघा ठसठशीत करा. मी सगळा तक्ता एकदम निवडला आणि सगळ्या रेघा एका फटक्यात दिल्या. ती तीन घरं बंद झालेली माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मला ती खटकली नाहीत. माझ्या डोक्यात रिकामं म्हणजे वरचंच. नियमाने पुन्हा प्रूफ पाठवायला हवं होतं. शनिवार होता, मला निघायचं होतं. नाही पाठवलं.

आणखी एक, ते लिहिताना जास्त जड जातंय. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दुपारी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले होते. मला तेव्हाच कळलं होतं. तरी तुला तुझ्याच सहीचा धाक दाखवला.

आईचं पत्र आलं. आज मालकांना सगळं सांगितलं आणि समितीला सहीनिशी लिहून दिलं, दोन्ही कागद जोडून. पोच घेतली आहे.

लोभ मागायला तोंड नाही.

ठोंब्या

———

२० मार्च

चि. ठोंब्या यास,

आशीर्वाद. यावेळी लिहायचं म्हणून लिहिलेत, मोजून एक.

नोकरी राहिली. मुलीच्या बाबतीत माझा दोष नाही असं समितीने लिहून दिलं. पण खोटा जबाब दिला म्हणून लेखी ताकीद आहे आणि मुलांच्या वॉर्डातून बदली झाली आहे, भांडारात. बावीस वर्षं पोरं सांभाळली, आता कापसाची बंडलं सांभाळते. कापूस रडत नाही, हसतही नाही.

मी तिथे उभी राहून तुझ्यासाठी खोटं बोलत होते, आणि तुला तेव्हा खरं माहीत होतं. हे मला गिळता येत नाही. चूक कुणाच्याही हातून होते, मी रोज लोकांना हेच सांगते. पण तुझ्या पहिल्याच पत्रात बोलला असतास तर मला खोटं बोलावंच लागलं नसतं. आईच्या पत्राची वाट कशाला पाहिलीस? तिने लिहिलं नसतं तर?

माफीची लांबलचक पत्रं पाठवू नकोस, मी वाचणार नाही. तक्ता नीट कर. ते घर खरोखरच चार ओळींचं कर, रेघा थांबव, आणि टपालाने न पाठवता स्वतः ये. हॉस्पिटलात मुलांना औषध देतात अशा नऊ जागी तो लागला आहे. प्रत्येक ठिकाणी तुझ्या हाताने जुना काढ आणि नवा लाव. ती मुलगी अजून वॉर्डातच आहे. तिथे मान वर करून जा.

पुढचं पुढे पाहू.

ताई

———

२८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

काल येऊन गेलो. तुझ्या भांडाराच्या दारापर्यंत आलो होतो. आतून तू कुणावर तरी खेकसत होतीस, म्हणून तसाच परतलो.

मालक माझ्याशी बोलत नाहीत, पण यंत्र वापरू दिलं. चार दिवस बसून चार ओळींचं एक जोडघर करायला शिकलो. शब्द चार ओळींच्या बरोबर मधोमध, रेघा रकान्याच्या अलीकडे थांबलेल्या. अप्पांनीही नावं ठेवली नसती असा तक्ता झाला. आठ ठिकाणी लावला आणि मुलांचा वॉर्ड मुद्दाम शेवटी ठेवला.

स्टुलावर चढून जुना काढला आणि नवा लावत होतो, तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवरून त्या मुलीची आई उठून आली. काय करताय म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, की आधीचा तक्ता मीच केला होता, तो चुकला होता, आता नवा लावतोय. मला वाटलं ही थोबाडीत मारणार. मी स्टुलावरून खाली उतरलो, तिचा हात पोचावा म्हणून. तिने मारलं नाही. नव्या तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, की माझ्या मुलीला किती वेळाने द्यायचं होतं? मी म्हटलं, दर आठ तासांनी. ती म्हणाली, की इथे कुठे लिहिलंय?

मग मी तिला समजावलं. हे एक घर चारही ओळींवर पसरलं आहे, रेघा बघा इथे थांबतात, म्हणजे हा शब्द चौघांचा आहे. ताई, खोटं कशाला सांगू, समजावताना मला जरा अभिमानही वाटत होता. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. तिचं बोट तिसऱ्या ओळीवरून हललं नाही. मग ती एवढंच म्हणाली, की चारदा लिहायला तुमचा हात मोडला होता का?

मी नवा तक्ताही उतरवला. उरलेल्या आठ ठिकाणांहूनही काढला, आणि सगळीकडे तात्पुरते हाताने लिहिलेले कागद चिकटवून आलो. उद्या पहाटेच्या गाडीने छापलेल्या नऊ प्रती आणि हे पत्र घेऊन येतोय. या तक्त्यात एकही जोडघर नाही. चारही ओळींत ‘दर आठ तासांनी’ वेगवेगळं लिहिलं आहे.

वरचं एक आधीच होतं. खालची तीन लिहायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. बारा सेकंद.

तुझा,
ठोंब्या