शकुबाईच्या मांजरी अन् माझा सांबार

१८ नोव्हेंबर २००५
पुन्हा! सकाळी पाहतो तं वाफा उकरलेला. कालच धने रगडून सांबार – म्हणजे कोथिंबीर – पेरलता. शेजारच्या शकुबाईच्या मांजरी – त्याइले सारा गाव सोडून माझाच वाफा सापडते हगायले! शकुबाईले म्हणलं, तं म्हणते, "बाबाराव, मांजर लय स्वच्छ असते. झाकून टाकते." झाकते कायनं? माझ्या धन्यानं!

१९ नोव्हेंबर
पुसदहून मैत्रेयीचा फोन आलता, तिच्या मायले, कांताले. जानेवारीत दोन दिवस येते म्हणे. पोरीले सातवा महिना लागला. घरच्या सांबाराची वडी खावी वाटते म्हणे.
माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण हिचं सासरीच ठरलं. ठरू दे! मले काय!
सांबार पुन्हा पेरला. मले आवडते म्हणून.

२३ नोव्हेंबर
वाफ्यात संत्र्याच्या साली टाकल्या. मांजरी वासानं पळतात म्हणे. शकुबाईची पांढरी, पोट हे एवढं, सालींवरच आडवी होऊन ऊन खाऊन राह्यली.

२५ नोव्हेंबर
निळीच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या. कांता म्हणे, "अहो, ते कुत्र्यासाठी असते." खरंच, एकही कुत्रं आलं नाही. आधीही येत नव्हतं.

२६ नोव्हेंबर
तिखट टाकलं. वारा उलटा. दिवसभर मीच शिंकलो.

२ डिसेंबर
बुजगावणं उभं केलं. माझाच सदरा, माझीच टोपी. सकाळी शकुबाई कुंपणापलीकडून त्याच्याशी बोलली! मी न्हाणीतून आयकत होतो. "बाबाराव, पोरगी येऊन राह्यली म्हणते. आता तरी बोला. तुमी बाप आहा का धोंडा?" थोडा वेळ थांबली. मग कांताले म्हणते, "आज तुमचे हे आयकून तरी घेतात वं!"
न्हाणीतून बाहेर निघालोच नाही. पाणी गार झालं.

८ डिसेंबर
जमलं! गेल्या सालची पऱ्हाटी होती चुलीसाठी ठेवलेली – कापसाची वाळली झाडं. वाफ्याभोवती खेटून रोवली, वरूनही टाकली. मांजरीले नाक घालाले जागा नाही. सांबार उगवला! घडीघडी पाहून येतो. कांता हसते. कायले हसते?

२३ डिसेंबर
सांबार बोटभर. मांजरी दिसतच नाही. जिंकलो!

२७ डिसेंबर
कुठं गेल्या ते समजलं.
भाव नाही म्हणून कापूस घरातच, मधल्या खोलीत गंजी लावलेली. आता भाव जरा हलला, तं आज किसनसिंगचा टेम्पो बोलावलता. कापूस भरायले वाकलो – आतून फिस्स! पांढरी! कापसात खड्डा करून व्याली. पिल्लाइचे डोळे मिटलेले, उंदरावाणी.
किसनसिंग म्हणे, "काका, उचलून बाजूले ठेवा न." ठेवतो कसा? ओली बाळंतीण आहे! म्हणलं, भाव अजून वाढणार हाय, ने बाबा टेम्पो वापस. "रिकामी चक्कर मारायले लावता!" म्हणत, शिव्या घालत गेला.
कांता दुधाची वाटी घेऊन खोलीत गेली, तं एक वाटी तिथं आधीच होती. कोणी ठेवली, इचारलं नाही तिनं.

५ जानेवारी २००६
पिल्लाइचे डोळे उघडले. भाव पडला. किसनसिंगच्या समोरून जायची सोय नाही.

८ जानेवारी
मैत्रेयी आली. मी वाफ्यात सांबार तोडत बसलो, पाठमोरा. ती पहिले कापसाच्या खोलीत गेली, मायनं सांगतलंच असंल. मग माझ्या मागं येऊन उभी राह्यली. "बाबा, तिले राहू देल्लं. मले राहू देसान?"
उठलो, दारातली तिची बॅग आत नेली. लय जड! चेन अर्धी उघडीच होती – लंगोट, दुपटे, टोपरे. बाळंतपणाच्या तयारीनंच आलती पोरगी!