उरलेले साडेतीनशे मीटर

१७ जुलै, रविवार. दुपार.
सासूबाई जेवायला आल्या होत्या. सूप संपायच्या आत म्हणाल्या, दारिंका पंचावन्न वर्षांची घोडी झाली आणि अजून देशातल्या सगळ्यात उंच शिखरावर, त्रिग्लाव्हवर गेलेली नाही, स्लोव्हेन म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही का? ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्या स्वतः तिला घेऊन जाणार. वय सत्त्याहत्तर. शिखरावर एकोणीस वेळा जाऊन आल्या आहेत. माझी बायको दारिंका म्हणाली, मग लुद्विकच आपला वाटाड्या, तो एकोणनव्वद सालीच जाऊन आलाय की! सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, हो का, तुम्ही येणार का जावईबापू? बत्तीस वर्षं मला 'तुम्ही' म्हणतात. त्यात आदर नाही, अंतर आहे.
मी हो म्हणालो. आवाज बरा निघाला.

१७ जुलै. संध्याकाळ.
रोजनिशीत तरी स्पष्ट असावं. एकोणनव्वद साली मी क्रेदारित्साच्या निवाऱ्यापर्यंत गेलो होतो. बाहेर ढग होते आणि आत जवाचं गरम कालवण होतं. शिखर तिथून फक्त साडेतीनशे मीटर वर. एकूण उंचीच्या अठ्ठ्याऐंशी टक्के मी चढलो होतो. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांना शाळेत कोणी नापास करतं का?
त्यामुळे 'जाऊन आलो' हे खोटं नाही. गोळाबेरीज आहे.

१८ जुलै, सोमवार.
अडचण एवढीच, की त्या वर्षी एका लग्नात नाचताना दारिंकाला मी शिखरावरची पहाट सांगितली होती. रंगांसकट. तिचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी लग्न. ती आजही पाहुण्यांना सांगते, त्या पहाटेमुळे मी याला हो म्हटलं.
म्हणजे संसार उभाय तो त्या उरलेल्या साडेतीनशे मीटरवर.
संकल्प: (१) रोज ऑफिसचे तीन मजले पायी. (२) आठनंतर खाणं बंद. (३) बिअर फक्त शनिवारी.

१९ जुलै, मंगळवार.
दोन मजले. तिसऱ्यावर कागदपत्रांचं काम नव्हतंच.

२३ जुलै, शनिवार.
नवे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, साहेब, हे बूट घालून हिमालयात जाल. घरात घालून फिरलो. दारिंका म्हणाली, फरशी पुसलीय रे आत्ताच! तयारीला घरातून पाठिंबा नाही.

३१ जुलै, रविवार.
मी नकाशा कार्यालयात आहे याचा खरा फायदा आज कळला. ऑफिसातला त्रिग्लाव्हचा नकाशा घरी टेबलावर पसरून बोटाने चढलो. चार वेळा. अजिबात दम लागला नाही. वाट तोंडपाठ झाली.
संकल्प १ आता अनावश्यक.

१५ ऑगस्ट, सोमवार. सुट्टी.
शहराजवळच्या श्मार्ना गोरा टेकडीवर सराव. आमचं सगळं ल्युब्लियाना शहर तिथेच होतं. एका आजीने मला मागे टाकलं. मग तिच्या कुत्र्याने. कुत्रा तीन पायांचा होता. एका बाईने पाठीवर बाळ घेऊन मला गाठलं आणि ते बाळ मागे वळून माझ्याकडे बघत राहिलं. मी मुद्दाम सावकाश चालत होतो. निसर्ग बघायला लागतो.
वर इच्छेची घंटा आहे, ती वाजवली. इच्छा: २७ तारखेला मुसळधार पाऊस. दारिंकाने विचारलं काय मागितलंस? म्हणालो, तुझं सुख.

२१ ऑगस्ट, रविवार.
आज सासूबाई कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा घेऊन आल्या. मला विसर पडला होता असं नाही, पण विचार केला नव्हता. पहिल्यांदा शिखरावर पोचलेल्याला ओणवं करून पार्श्वभागावर दोरीचे तीन फटके देतात. नवऱ्याने बायकोला मारायचे हा मान, म्हणाल्या. ज्याने स्वतः खाल्लेत त्यानेच. मग मला विचारलं, तुम्हाला कोणी मारले होते हो?
मी म्हणालो, एका पाद्रीबाबांनी. हे कुठून सुचलं देव जाणे. पाद्रीबाबांवर कोणी शंका घेत नाही.

२५ ऑगस्ट, गुरुवार.
तीन दिवस धो धो पाऊस! घंटा पावली. गुडघा दुखतोय असं सांगायची गरजच उरली नाही. त्या आनंदात दोन बिअर.

२६ ऑगस्ट, शुक्रवार.
लख्ख ऊन. पुढचे तीन दिवस आकाश निरभ्र राहणार, म्हणे. ऑफिसातून येताना लंगडलो. दारिंका म्हणाली, जिन्यात डावा होता ना रे?

२७ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४. क्रेदारित्सा, उंची २५१५.
पोचलो! तेहतीस वर्षांनी त्याच बाकावर, तेच कालवण!
आधी एक नोंद. सकाळी तेराशे मीटरवरच्या गाडीतळावर उतरल्या उतरल्या सासूबाई म्हणाल्या, तुझी नाडी सुटलीय, बांध. तुझी! मी बघतच राहिलो. दारिंका हसली, म्हणाली, विसरलास? हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. इतका आनंद झाला की पहिला तास पळतच चढलो. सासूबाईंना मीही म्हणालो, अगं तू हो पुढे. गेली. दुपारपर्यंत दिसली नाही.
दुसऱ्या तासापासून मी मागे होतो, कारण वाटाड्याने मागून लक्ष ठेवायचं असतं. निवाऱ्यात माझी वाट बघत दोघींचा दुसरा चहा चालला होता.
उद्याची योजना: सकाळी गुडघा. मी इथेच थांबणार, त्या वर जातील, परत येतील. माझं एकोणनव्वदचं शिखर सुरक्षित. योजनेत एकही भोक नाही.

२८ ऑगस्ट, रविवार. दुपारी २. निवाऱ्यात. उभ्याने लिहितोय.
सकाळी गुडघा जाहीर केला. दारिंकाने माझं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं आणि खालचा पट्टा स्वतः लावून दिला, लग्नाच्या दिवशी टाय बांधला होता तसा. म्हणाली, मला तुझ्याबरोबरच बघायचंय रे. आता अशा बाईला काय सांगणार! निघालो.
लोखंडी खिळे. लोखंडी दोर. डाव्या बाजूला काही नाही, उजव्या बाजूलाही काही नाही. हे 'काही नाही' आमच्या नकाशावर दिसत नाही. लेखी तक्रार करणार आहे. मी चार पायांवर चाललो, पण वेगात. सासूबाई वरून ओरडत होती, खाली बघू नकोस बाळा! बाळा म्हणाली.
आणि मग वर जायला काही उरलंच नाही. इकडे इटली, तिकडे ऑस्ट्रिया, खाली ढग आणि त्यातून डोकी काढून बसलेले आमचे सगळे डोंगर, ज्यांचे आकडे मी तीस वर्षं कागदावर तपासले. मला हसू आलं, रडूही आलं, मी दारिंकाला कवटाळलं आणि सगळ्या शिखराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो: अगं आई गं, असं असतं होय हे!
सासूबाई म्हणाली, असं असतं होय? म्हणजे काय रे?
सावरायला मला अर्धा सेकंद होता. म्हणालो, त्या वेळी ढग होते ना. दारिंका म्हणाली, ढगात पहाट कशी दिसली? रंगांसकट?
मी शिखरावरच्या छोट्या लोखंडी टॉवरकडे बघितलं. त्याचीही मदत झाली नाही. मग मी आपणहून ओणवा झालो.
आधी दारिंकाला तिच्या आईने तीन फटके दिले, हलक्या हाताने. मग दोरी दारिंकाच्या हातात. पहिले दोन रिवाजाचे होते. तिसरा मनापासूनचा. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका जोडप्याने फोटो काढला.
उतरताना ती म्हणाली, खोटं बोललास त्याचं एवढं काही नाही. पण दरवर्षी मी म्हणायचे, जाऊ या, आणि तू म्हणायचास, एकदा बघितलेलं पुन्हा काय बघायचं. मी तेहतीस वर्षं तुझ्यासाठी खाली थांबले रे, लुद्विक.
हे फटक्यांपेक्षा जास्त लागलं. मी खरंच गेलो नव्हतो. इथे पहिल्यांदा लिहितोय. क्रेदारित्साला मी घाबरून रडलो होतो आणि ढग नव्हते.
नंतर तिने मला आपल्या पिशवीतलं सफरचंद दिलं. म्हणजे मिटलं.

२९ ऑगस्ट, सोमवार.
सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, कसं काय, बसता येतंय का तुम्हाला? पुन्हा तुम्ही.
ऑफिसात उभं राहून काम केलं. साहेबांना वाटलं, कार्यक्षमता वाढली.

१ सप्टेंबर, गुरुवार.
आयुष्यात इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं! सत्य बोलून टाकावं, फार सोपं असतं. ऑफिसातून मोठा नकाशा आणला. लाल पेन्सिलीने चाळीस शिखरांवर खुणा केल्या. आता दर शनिवारी आम्ही दोघं. तेहतीस वर्षांची भरपाई. या शनिवारी पहिलं शिखर, स्तोल. दारिंकाला नकाशा दाखवला, तिने चष्मा लावून नीट बघितला, चांगलाय म्हणाली. तिच्या डोळ्यांत पुन्हा त्या नाचाच्या वेळचं पाणी दिसलं.

२ सप्टेंबर, शुक्रवार.
पिशवी भरली. बुटांना तेल लावलं. आठनंतर काही खाल्लं नाही. खरोखर.

३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ६.
पाचलाच उठलो. बूट, टोपी, काठ्या, सगळं घालून दारात. खाली सासूबाईंची गाडी आली. दारिंका पिशवी घेऊन निघाली, नकाशा तिच्या हातात. मी म्हणालो, मी तयार आहे. ती म्हणाली, हो रे, दिसतंय. गालाला हात लावला. म्हणाली, फ्रिजमध्ये सूप आहे, आणि टोमॅटोंना पाणी घाल, आज ऊन आहे.
गाडी गेली.
टोमॅटोंना पाणी घातलं.