एकतीस मतं आणि आमच्या घरातली सोळा

कुरणवाडी,
ता. ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप सौ. संयोगिताआत्या यांस,
भाचा ऋतुराज याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडं सगळे तुम्ही गणपतीला बघून गेलात तसेच आहेत. दादांचा खोकला आहे, आईचं बोलणं आहे, म्हैस गाभण आहे. तुमच्या गुडघ्याला तेल लावता की बाटली नुसती खिडकीत ठेवलीय? मामांची साखर आटोक्यात आहे का? (बिद्रीत, साखर कारखान्याच्या दारात राहणाऱ्या माणसाला हे विचारणं बरं दिसत नाही, पण काळजी वाटते.) पत्र कशाला, फोन कुठं गेला, असं म्हणाल. फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा तुम्ही "जेवलास काय, वाळलास काय" एवढं विचारून तो मामांच्या हातात दिलात आणि मामांनी मला ऊसतोडीची टोळी कशी पळाली ते सांगितलं. मला जे सांगायचंय ते ऊसतोडीच्या मधे बसण्यासारखं नाही.

तर आत्या, माझं हंबीररावांच्या स्वप्नालीवर मन बसलं. हंबीरराव म्हणजे वरच्या गल्लीतले, नाना गटाचे, आणि आपण खालच्या गल्लीतले, साहेब गटाचे, हे तुम्हाला सांगायला नको. (खरंच सांगायला नको होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं पुढं येईलच.) स्वप्नाली दूध संस्थेत फॅट काढायला बसते. मी कॉलेज सोडून आल्यापासून दूध घालायचं काम माझ्याकडं आलं, आणि ज्या घरातनं चार लिटर दूध एका वेळी जायचं ते मी दोन खेपांत न्यायला लागलो. ती यंत्रात बघून सगळ्या रांगेसमोर म्हणायची, "म्हशीला पाजताय काय पानी, का थेट दुधात घालताय?" तिच्या तोंडून आमच्या म्हशीची बदनामी ऐकायला मी सहा महिने अंघोळ करून गेलो. यापेक्षा जास्त आमच्यात काही घडलं नाही, पण मला ते पुष्कळ वाटत होतं.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. (बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राच्या सरांशी एका बेरजेवरून भांडून बाहेर पडलो. बेरीज सरांचीच बरोबर होती.) मध्यस्थ, बैठक, पाहुणे असल्या भानगडीत न पडता मी एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच हंबीररावांच्या दारात गेलो. ते दाढी करत होते. अर्धी झाली होती, अर्ध्या गालाला साबण होता. तसल्या अवस्थेत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, ओरडले नाहीत, आणि वस्तरा पुसत म्हणाले, "पंच्याण्णव साली तुज्या घरानं बिरोबाचा भंडारा उचलून शब्द दिला आनि आमचं नाना एकतीस मतानं पडलं. तुमच्या घरात मतं सोळा. सोळा तिकडची हिकडं आली की फरक बत्तिसाचा. नाना एका मतानं आमदार झालं असतं. ती सोळा आमाला दिलीसा, एवडं दाकवून दे. पोरगी देतो."

हे गणित कुरणवाडीत शेंबडं पोरही म्हणून दाखवतं. याच्यावरून वरच्या आणि खालच्या गल्लीत तीस वर्षं सोयरीक नाही. वाईट एवढंच, की संख्याशास्त्र शिकलेल्या मलाही ते उभ्या उभ्या पटलं. मी म्हणालो, महिन्यात आणतो.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून तहसील कचेरीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, "पावणं, हितं काल आल्यालं कागद घावंना झाल्यात, तुमी पंच्याण्णवचं मागालाय?" मग चार दिवस कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं उपसली. पंच्याण्णवचं एक पान हवं होतं, पण सुरुवात बासष्टपासून केली. (प्रेमात माणूस कामाला लागला की असा लागतो.) चौदा निवडणुकांचा आपल्या मतदारसंघाचा इतिहास मी दोनशे पानी वहीत उतरवलाय. तो वाचून मला काही दिवस जेवण गेलं नाही. साहेब गटाचे साहेब पाच वेळा निवडून आले आणि पाचही वेळा वेगळ्या चिन्हावर. एकदा तर कपबशीवर. त्या वर्षी तालुक्यात प्रत्येक लग्नात आहेर म्हणून कपबशाच आल्या आणि नाना गटाच्या घरांनी सहा महिने पितळी पेल्यातून चहा प्यायला. एका वाडीनं रस्त्यासाठी मतदानावर बहिष्कार घातला, तरी पेटीत तीन मतं निघाली. ती तीन कुणाची यावरून तिथं अजून दोन भाऊ बोलत नाहीत, रस्ता मात्र झाला. दोन हजार नऊला हद्दी बदलल्या आणि आपलं गाव ओढ्यापलीकडच्या मतदारसंघात गेलं. म्हणजे आत्या, ज्या साहेबांसाठी आणि ज्या नानांसाठी आपण विहिरीसुद्धा वेगळ्या केल्या, त्यातल्या एकालाही आपल्याला सोळा वर्षं मत देताच आलेलं नाही. आणि एकोणीसला दोघं एकाच पक्षात गेले. एका मांडवात शेजारी बसून जेवतानाचा त्यांचा फोटो आहे, साहेब नानांना तांबडा रस्सा वाढतायत. वर मिटलेलं भांडण खाली आपण अजून तेवढ्याच निष्ठेनं सांभाळतोय, आणि त्यात माझं लग्न अडकलंय.

वाचनालयातल्याच एका म्हाताऱ्या वाचकानं मला कळंब्याचा पत्ता दिला. तिथं विजयसिंह म्हणून निवृत्त मास्तर राहतात. पंच्याण्णवला आपल्या मतदारसंघाच्या मोजणीला ते टेबलावर होते. मी माझी वही दाखवली, सोळाचं गणित सांगितलं. मास्तर हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. त्यांनी सांगितलं की त्या वेळी कागदी मतपत्रिका होत्या, आणि कुठल्या गावानं कुणाला दिली हे कळू नये म्हणून साऱ्या पेट्यांतल्या पत्रिका आधी एका मोठ्या पिंपात ओतायच्या, कालवायच्या, मग गठ्ठे बांधून मोजायच्या. गावाचा आकडाच निघत नव्हता, मग घराचा कुठनं निघणार? "तुमची सोळा मतं हुडकायची म्हंजे," मास्तर म्हणाले, "तळ्यात घागर वतायची आनि माजंच पानी मला परत द्या म्हनायचं."

मला तर नाचावंसं वाटलं. आपल्या घरानं मतं दिली याचा पुरावा नाही, पण दिली नाहीत याचाही नाही! तीस वर्षांचा आरोप एका पिंपात विरघळला होता. कळंब्यापासून गावापर्यंत मी गाडी कशी आणली ते दादांना सांगू नका. थेट वरच्या गल्लीत गेलो आणि दारातूनच पिंपाची हकीकत ओरडून सांगितली. हंबीररावांनी मला आत बोलावलं. खाली बघून म्हणाले, "मला ठावं हाय. मी तितंच हुतो."

आत्या, ते त्या दिवशी नानांच्या बाजूनं मोजणीला आत बसले होते. पिंप त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. सोळाचं गणितही त्यांचंच. निकाल ऐकून परत येताना ट्रॉलीत कुणीतरी विचारलं, एकतीस कुठं गेली असतील? रागाच्या भरात हे आपल्या घराची सोळा बोलून गेले. ट्रॉली गावात पोचेपर्यंत ते खरं झालं होतं. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलं की हे मी उगीच बोललो? ते म्हणाले, "पडल्यावर मानसाला कोनतरी लागतं रं. आनि मग आमच्या बाबानं सुपारी परत पाटवली, तवा तोंड उगडायला उशीर झालता." मी विचारलं, कुणाची सुपारी? त्यांनी उलट मलाच विचारलं, "संयोगिता बरी हाय न्हवं?"

हे मला आपल्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं लग्न निवडणुकीनंतरच्या पहिल्या मुहूर्ताला वरच्या गल्लीत, हंबीररावांशीच ठरलं होतं, हे मला चोविसाव्या वर्षी त्यांच्या तोंडून कळलं. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण माझं डोकं फिरलं. मी ओरडलो की एका खोट्या गणितापायी स्वतःचं घालवलंत, आता त्याच गणितावर पोरीचं घालवताय. आणखीही बोललो. ते तुम्हाला लिहवत नाही. स्वप्नाली आतल्या दारात उभी होती.

मला वाटलं, आता ती माझ्याकडं निराळ्या नजरेनं बघेल. बघितलंही. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेलो तर रांग संपेपर्यंत तिनं मला बाजूला थांबवलं आणि मग म्हणाली, "तू माज्या बापाकडं गेलास. तहसीलला गेलास, कोल्लापूरला गेलास, कळंब्याला गेलास. बासष्टपासनं साऱ्या तालुक्याची मतं मोजलीस. मला कवा इचारलंस?" मी म्हणालो, आत्ता विचारतो. म्हणाली, "मग न्हाई. मला मिरजंला जाऊन लॅबचं शिकायचं हाय, आनि तू वाईट न्हाईस, पर माजं मन न्हाई." रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. तिनं फॅटचा आकडा सांगावा तसं सांगितलं. मी किटली घेऊन घरी आलो.

मामांना नमस्कार. गुडघ्याची हयगय करू नका.

सध्या कुणाचंच न ऐकणारा, पण तुमचं ऐकेल असा,
तुमचा भाचा
ऋतुराज

ता.क. गळीत हंगाम सुरू होतोय. मामांच्या ओळखीनं तिकडं मला कुठलंही काम बघा, मी माळ्यावर झोपेन. इथं रोज दोन वेळा दूध घालायला जाणं आता जमत नाही. (खेप एकच केली तरी.)

ता.क. काल वैरण टाकताना दादांना सरळ विचारलं, आपल्या सोळा जणांनी नानांना दिली होती का? म्हणाले, "दिली की. पर तीस वर्सांत इचारायला कोन आलंय?"

ता.क. दादांचं उत्तर आज सकाळी वरच्या गल्लीत सांगून आलो, म्हणून हे पत्र पोस्टानं येणार नाही. घेऊन येणारा माणूस तुमच्या दारात उभा असेल. मी गाडीवर सोडतो म्हणालो तर नको म्हणाले, एस.टी.नं येतायत. त्यांना पाणी द्या, मामांशी ओळख करून द्या. ते काय बोलतील मला माहीत नाही, पण तुमच्यापुढं मान खाली घालतील. आणि माझ्यासाठी तुमचा जीव तुटतो, म्हणून आधीच लिहितो. त्या घटकेला त्यांच्याकडं माझ्यासाठी स्वप्नाली मागू नका. तुम्ही मागितलीत तर ते नाही म्हणणार नाहीत. पण तिनं नाही म्हटलंय, आणि ते मी समोर उभा राहून ऐकलंय.