तुटक रेघ

आमच्या इंजिनेरबाईंना आशीर्वाद. रागावले असले तरी तो द्यावाच लागतो.

बांधकामाच्या कॉलेजात तुझं नाव लागलं तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले, नात दोन वर्षांत घरं बांधणार म्हणून. शेजारीण म्हणाली, "आधी तिला स्वयंपाक शिकवा." मी म्हटलं, "भिंतच नसेल तर चूल कुठे मांडशील, बाई?"

मग तू सरावाला म्हणून आपल्याच घराचा नकाशा काढायला घेतलास. टेपचं टोक धरून मी कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहिले. चौथीपुढे शाळा नाही माझी, पण नकाशा वाचायला तू शिकवलंस. जाड रेघ म्हणजे राहणारी भिंत, तुटक रेघ म्हणजे पाडायची.

काल तुझं टेबल पुसताना तो कागद उलगडला. माझ्या खोलीच्या तीन भिंतींना तुटक रेघ, आणि आत लिहिलंय "गाडी". अक्षराला अक्षर लावून तीनदा वाचलं. खाली तुझ्या बाबाच्या हातचं, "असंच हवं होतं, शाब्बास!"

म्हणजे माझीच खोली पाडायला मीच टेप धरली गं! वर तू विचारत होतीस, "आजी, दमलीस का?"

बाबाचं सोड, त्याला गाडीपुढे आई दिसत नाही. पण तू एकदा विचारलं असतंस, तर मी हसत हो म्हटलं असतं आणि स्वयंपाकघरात खाट टाकली असती. आता विचारलंस तरी नाहीच म्हणणार.

हे पत्र पाठवत नाही. रविवारी हॉस्टेलवरून येशील तेव्हा तोंडावरच सांगेन.

तुझी आजी,
मुक्काम याच खोलीत