साळव्यांच्या घरी परत केलेली भाकरी

शिरूर, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९७६

घडले त्या क्रमानेच लिहितो. माझे बौद्ध सहकारी प्राध्यापक साळवे यांनी इनामगावला नवे घर बांधले. आज मी त्यांच्याकडे प्रथमच जेवायला गेलो. त्यांच्या आईंनी वांग्याची भाजी वाढली, ताटात दोन भाकऱ्या ठेवल्या. मी एक परत केली. गेल्या वर्षी महत्प्रयासाने उतरवलेले वजन पुन्हा चढू नये, म्हणून जेवणात एकच भाकरी, हा माझा नियम.

"घ्या की सर! एवढ्यावर आमची मांजर बी ताटावरनं उठायची न्हाई," आई हसून म्हणाल्या.

"नको. मी मोजूनच जेवतो."

त्यांचे हसू मावळले. "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

"आई, गप बस," साळवे म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिले नाही. मी वजनाविषयी सांगू लागलो, तोवर आईंनी ती भाकरी टोपलीत ठेवली होती.

परतताना एसटीत आधी रागच आला. नियम समजून न घेता माणसे भलता अर्थ काढतात! नियम पाळणाऱ्याने का लाजावे? आणि मग आठवले. गेल्या रविवारी, आमच्याच जातीतल्या प्राचार्यांकडे, वहिनींनी आग्रह करताच मी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतले. तेथे नियमाची आठवणसुद्धा झाली नाही.

तर महाशय, आपण ती भाकरी वजनासाठी परत केलीत, की ते घर कोणाचे आहे म्हणून? सबबी नकोत. उत्तर लेखी द्यावे. याच पानावर, आजच.